पालीची माती आणि गोदावरीचे मुख : कालनिश्चित किनारी भूरूपांवरून दख्खनच्या प्राचीन हवामानाचा विचार

१. विषयप्रवेश

बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या कुशीत पाली हे गाव वसलेले आहे. येथून कोकणचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर आहे. पूर्वेकडील गोदावरीचे मुख तर त्याच्या दुपटीहूनही दूर आहे. अशा गावाच्या संदर्भात समुद्रकाठच्या वाळूचा आणि शंखशिंपल्यांचा विचार करणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु पालीजवळून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेस मिळते, सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीस मिळते, आणि गोदावरी पालीच्या शिवारातील मातीचा अंश बंगालच्या उपसागरापर्यंत नेते. उलट, या शिवारावर पडणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस अरबी समुद्रावरून व कोकणपट्टीवरून येतो. तेव्हा पालीचे पाणी एका किनाऱ्यावरून येते आणि पालीची माती दुसऱ्या किनाऱ्यास जाते, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात अवर्षण हे कारण फार सहजपणे पुढे केले जाते. एखादे नगर ओस पडले, एखादी वसाहत उठली, एखादे राज्य लयास गेले, की त्यामागे दुष्काळ असावा असे अनुमान केले जाते. या अनुमानास आधार कोणता, असे विचारले असता अलीकडील काळात भूशास्त्राकडे बोट दाखविण्यात येते. सागरी किनाऱ्यावरील भूरूपांची कालनिश्चिती आता शक्य झाली असल्यामुळे, तीवरून प्रदेशाचे प्राचीन हवामान सांगता येते, असे हे प्रतिपादन आहे. ते कितपत ग्राह्य आहे, आणि इतिहासाभ्यासकाने त्याचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, भूशास्त्राचा नव्हे. तथापि पुराव्याचा क्रम आणि पुराव्याचा काळ यांतील भेद हा दोन्ही शास्त्रांस समान असा प्रश्न आहे, आणि त्याच वाटेने या विषयाकडे जाण्याचा मानस आहे.

२. क्रम आणि काळ

भाषेच्या इतिहासात अमुक ध्वनिपरिवर्तन तमुक परिवर्तनाच्या आधी घडले असले पाहिजे, हे पुष्कळदा निश्चितपणे सांगता येते. पण ते कोणत्या शतकात घडले हे केवळ शब्दांच्या तुलनेवरून सांगता येत नाही. त्यासाठी कालोल्लेख असलेला लेख हाती यावा लागतो. आणि तो हाती आला तरीही वाद संपतातच असे नाही. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेख हे याचे बोलके उदाहरण होय. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील शक ९३४ असा वाचला व त्यामुळे तो लेख मराठीच्या आद्य लेखांत गणला गेला; लेखातील केसिदेव हा उत्तरकालीन शिलाहार राजा मानणाऱ्या अभ्यासकांनी मात्र त्याचा काळ सुमारे दोन शतके अलीकडे आणला. दगडावर अंक कोरलेले असताना ही स्थिती आहे. मग ज्या दगडावर एकही अक्षर नाही त्याचा काळ सांगताना किती सावधपणा हवा, हे वेगळे सांगावयास नको.

कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधले जाऊन बनलेला एक दगड आढळतो. त्यास ‘करळ’ असे स्थानिक नाव आहे. भूशास्त्रज्ञांनी हे नाव आपल्या परिभाषेत उचलले, ही भाषाभ्यासकास समाधानाची गोष्ट आहे. हा दगड भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वा त्याच्या आसपास तयार होतो. यास्तव तो आजच्या भरतीरेषेहून वर आढळला, तर त्या काळी समुद्राची पातळी उंच होती किंवा नंतर भूमी उचलली गेली, असे अनुमान निघते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील श्रीमती स्टेटिरा गझदर यांनी कोकणातील चतुर्थक काळाचा अभ्यास केला तो याच प्रकारच्या पुराव्यांच्या आधारे. त्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला.

करळातील शिंपल्याचा काळ किरणोत्सारी कार्बनाच्या पद्धतीने ठरवितात. प्राणी मेल्यानंतर त्याच्या कवचातील या कार्बनाचे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व असून तिची पोच सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत आहे. परंतु येथे तीन अडचणी संभवतात. समुद्राच्या पाण्यातील कार्बन मुळातच जुना असल्यामुळे शिंपला प्रत्यक्षाहून सुमारे ४०० वर्षे जुना भासतो, व तेवढी वजावट करावी लागते. दुसरे असे की, शिंपला मेला तो काळ आणि दगड सांधला गेला तो काळ हे एक नव्हेत. जुना शिंपला नव्या दगडात बसू शकतो, जसा जुना शब्द नव्या वाक्यात बसतो. तिसरी अडचण केवळ गणनेची आहे. या शास्त्रात ‘आजपूर्व’ वर्षे मोजतात ती इ. स. १९५० पासून मागे. ‘६०० वर्षे आजपूर्व’ म्हणजे इ. स. १३५० होय. हे रूपांतर न करता भूशास्त्रीय आकडे इतिहासाच्या सनावळीशेजारी मांडल्यास घोटाळा होतो.

वाळूच्या टेकड्यांसाठी निराळी पद्धत आहे. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे तीत मोजले जाते. म्हणजे वाळू गाडली गेली तो क्षण मिळतो. प्रवाळ, तसेच सौराष्ट्रातील मिलिओलाइट या चुनखडी वाळूच्या दगडासाठी युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणाचा उपयोग करतात. सौराष्ट्रातील या दगडाचे काळ त्यायोगे सुमारे ५०,००० ते २ लाख वर्षांपर्यंत मागे गेले आहेत.

३. पश्चिम किनाऱ्याची साक्ष

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगातील पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडल्यामुळे समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरील उथळ सागरतळ रुंद असल्यामुळे त्या वेळी किनारा आजच्या मुंबईच्या कितीतरी पश्चिमेस होता. पुढे बर्फ वितळू लागले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांच्या मांडणीनुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पातळी आजच्याहून १०० मीटर खाली, तर १२,५०० वर्षांपूर्वी ८० मीटर खाली होती. तेथे ती काही काळ स्थिरावली, नंतर वेगाने चढली, आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आली.

या बुडालेल्या किनाऱ्यावर जी भूरूपे राहिली, त्यांत चुन्याचे बारीक, गोल, थरावर थर चढलेले कण विपुल आहेत. असे कण उबदार, उथळ, खळाळत्या आणि मुख्य म्हणजे गाळविरहित पाण्यातच तयार होतात. त्यांचा काळ साधारणतः ९,००० ते ११,००० वर्षांपूर्वीचा येतो. नायर व हाशिमी यांनी १९८० साली यावरून असे अनुमान मांडले की, त्या काळी नर्मदा व तापी या नद्या समुद्रात फारसा गाळ आणीत नसाव्यात. म्हणजेच पाऊस बेताचा असावा. त्यानंतर समुद्रात गाळाचे प्रमाण वाढले व या कणांची निर्मिती थांबली. येथे किनारी भूरूपाने केवळ समुद्राची उंचीच नव्हे, तर भूमीवरील पावसाचे मानही सांगितले आहे. या पद्धतीचे सामर्थ्य या एका उदाहरणात दिसून येते.

तिची मर्यादा दाखविणारी उदाहरणेही याच किनाऱ्यावर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असता समुद्रपातळीखाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले. त्यांतील पुष्कळ मुळांसह उभे होते. हे लाकूड खैराचे असल्याचे नोंदले गेले. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. तेव्हा तेथे एके काळी कोरडी जमीन होती, हे निश्चित. पण समुद्र चढला की जमीन खचली, या प्रश्नाचे उत्तर बुंधे देत नाहीत. बुंध्यांवरून हवामान सांगण्यापूर्वी भूमीच्या हालचालीचा हिशेब आधी करावा लागतो.

दापोली तालुक्यातील केळशीची वाळूची टेकडी हे दुसरे उदाहरण. तिच्या पोटात शिंपल्यांचा एक थर आहे. वारा शिंपल्यांचा असा थर रचीत नाही. इ. स. १५२४ च्या सप्टेंबरात दाभोळसमोर वास्को द गामाच्या ताफ्याने समुद्रात अकस्मात उसळलेला क्षोभ अनुभवला, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे. सी. पी. राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली या थराचा संबंध त्या क्षोभाशी, म्हणजे सागरी भूकंपजन्य लाटेशी, जोडला. हे मान्य केल्यास, जो थर कोणी चढलेल्या समुद्राचा वा पालटलेल्या ऋतुमानाचा पुरावा म्हणून वाचला असता, तो वस्तुतः एका दिवसाच्या घटनेचा अवशेष ठरतो.

तिसरे उदाहरण बंदरांचे. शिलाहार रट्टराजाचा शक ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट जेथे मिळाला, ते खारेपाटण आज समुद्रापासून दूर, खाडीच्या वरच्या अंगास आहे. सोपाऱ्याचे बंदरही बुजले. समुद्र मागे हटला असे यावरून म्हणणे घाईचे होईल. डोंगरउतारावरील जंगल तुटले की माती खाली येते आणि खाडी भरते. मग समुद्राची पातळी तीच राहूनही बंदर मरते. किनाऱ्याच्या इतिहासात माणसाच्या कुऱ्हाडीचा भाग असतो, हे विसरता येत नाही.

४. पूर्व किनारा : पालीच्या मातीचा हिशेब

पालीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. समुद्राची पातळी स्थिरावल्यानंतर, गेल्या सुमारे ६,००० वर्षांत, हा प्रदेश समुद्रात पुढे सरकत गेला. सरकताना त्याने आपल्या मागे वाळूचे समांतर वरंबे सोडले. प्रत्येक वरंबा म्हणजे त्या त्या काळची किनाररेषा होय. आंध्र विद्यापीठातील के. नागेश्वर राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी वरंब्यांचा व त्यांखालील थरांचा काळ ठरवून या वाढीचा इतिहास मांडला आहे. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे हे वरंबे वाचता येतात.

परंतु वाचावयाचे काय? किनारा वेगाने पुढे सरकला याचा अर्थ नदीने अधिक गाळ आणला. अधिक गाळ मात्र दोन परस्परविरुद्ध कारणांनी येऊ शकतो. पाऊस वाढला तर नदीचे बळ वाढून ती अधिक माती नेते. उलट पाऊस घटला तर गवत व झाडी विरळ होऊन जमीन उघडी पडते, आणि मग थोड्या वळवाच्या सरीही पुष्कळ माती धुऊन नेतात. एकाच भूरूपावरून ओला काळही सिद्ध होतो आणि कोरडा काळही! शिवाय नांगर हे तिसरे कारण आहेच. शब्दाचे एकच रूप दोन निरनिराळ्या मूळ शब्दांपासून निघू शकते, तेव्हा केवळ रूपावरून व्युत्पत्ती सांगू नये, असा आमच्या शास्त्रातील नियम आहे. तो येथेही तंतोतंत लागू पडतो.

ही कोंडी फोडण्यासाठी गोदावरीच्या मुखासमोरील सागरतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचा उपयोग झाला. वनस्पतींच्या पानांवर मेणाचा सूक्ष्म लेप असतो. तो गाळात सहस्रावधी वर्षे टिकतो, आणि कोरड्या हवेस सरावलेले गवत व ओलाव्यात वाढणारी झाडे यांच्या मेणातील कार्बनाचे प्रकार भिन्न असतात. पोंटन व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले की, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यातील वनस्पती क्रमाक्रमाने कोरड्या प्रकारच्या होत गेल्या, आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपासून ती स्थिती कायम झाली. पुढे २०१७ साली जिओसान व सहकाऱ्यांनी त्याच स्तंभातील मातीचे मूळ निओडिमियम या मूलद्रव्याच्या प्रकारांवरून शोधले. दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती आणि पूर्वेकडील जुन्या खडकांची माती यांत या बाबतीत स्पष्ट भेद असतो. या कोरड्या होत गेलेल्या काळात दख्खनकडील मातीचा वाटा व एकूण धूप ही दोन्ही वाढली, असे त्यांना आढळले. त्याचे कारण त्यांनी हवेचा कोरडेपणा व शेतीचा विस्तार या दोहोंत मिळून पाहिले.

म्हणजे पालीसारख्या गावांच्या शिवारांतून गेलेली काळी माती समुद्राच्या तळाशी आपला इतिहास सांगत पडली आहे. या मातीस शेतकरी ‘पोयटा’ म्हणतो, आणि नदीचे पाणी ओसरल्यावर तीत केलेल्या पेरणीस ‘गाळपेर’ म्हणतो. गाळ हा येथील भाषेत केवळ टाकाऊ पदार्थ नाही, तो पिकाचा आधार आहे. समुद्रास जाऊन मिळालेला प्रत्येक थर हा वरच्या शिवाराचा तोटा होता, ही गोष्ट हे शब्द आपल्या ध्यानी आणून देतात.

५. अंतर्भागातील पडताळा

किनाऱ्याच्या साक्षीचा पडताळा अंतर्भागात घेतला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळावरून प्रसाद व सहकाऱ्यांनी २०१४ साली दोन दीर्घ अवर्षणकाळ दाखविले. पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पू. २६५० ते १९५०. दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे इ. स. पू. ५० ते इ. स. १३५०. पहिल्या काळाची जागतिक पातळीवरील दखल सर्वश्रुत आहे. मेघालयातील मॉम्लूह गुहेतील चुनखडी स्तंभावरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या भूशास्त्रीय कालखंडास २०१८ साली मेघालयन असे नाव देण्यात आले.

आता हे आकडे महाराष्ट्राच्या सनावळीशेजारी ठेवून पाहावे. घोड नदीवरील इनामगाव येथे १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ. स. पू. १६०० च्या सुमारास सुरू झाली, इ. स. पू. १००० नंतर तिला उतरती कळा लागली आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास ती संपली. डॉ. म. के. ढवळीकर यांनी या ऱ्हासाचे कारण वाढत्या अवर्षणात पाहिले. लोणारचा पहिला अवर्षणकाळ ही वस्ती सुरू होण्यापूर्वीच संपलेला होता, आणि दुसरा ती उठल्यानंतर सहा शतकांहून अधिक काळाने सुरू होतो. गोदावरीच्या मुखाशी दिसणारा क्रमिक कोरडेपणा मात्र या ऱ्हासास सामावून घेतो. तेव्हा ढवळीकरांचे मत अग्राह्य ठरत नाही; परंतु त्यास कोणता पुरावा आधार देतो व कोणता देत नाही, हे आता नेमके सांगता येते.

दुसऱ्या अवर्षणकाळाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. इ. स. पू. ५० ते इ. स. १३५० या चौदा शतकांत महाराष्ट्रात काय घडले? सातवाहनांचे वैभव, पैठण व तेर या नगरांची भरभराट, वाकाटककालीन अजिंठ्याची लेणी, राष्ट्रकूटांचे वेरूळ, यादवांची देवगिरी, आणि मराठी वाङ्मयाचा आरंभ. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, येथून माल भडोचच्या बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. नकाशावर पैठण व तेर सरळ रेषेने जोडल्यास ती रेषा बीड–पाली परिसरावरून जाते. प्रत्यक्ष मार्ग असाच होता असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु हा मुलूख त्या व्यवहाराच्या मधोमध होता एवढे खास. ज्यास दीर्घ अवर्षणाचा काळ म्हणावयाचे, तोच या प्रदेशाच्या उत्कर्षाचा काळ ठरतो. उलट दुर्गादेवीचा म्हणून परंपरेने सांगितला जाणारा भीषण दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे हा काळ संपल्यानंतर येतो.

यावरून अवर्षणाचा इतिहासाशी संबंध नाही असे म्हणावयाचे नाही. दीर्घकालीन सरासरी कोरडेपणा ही एक गोष्ट आणि लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस न पडणे ही दुसरी. समाज पहिल्याशी जुळवून घेतो. तलाव बांधतो, विहिरी खोदतो, कोरडवाहू पिके निवडतो. निजामशाहीच्या काळात, १५८२ साली, बीडजवळ बांधली गेलेली खजाना विहीर आणि तिचे भूमिगत कालवे ही या जुळवून घेण्याची उत्तम साक्ष आहे. दुसऱ्या प्रकारचे संकट मात्र समाजास मोडते, कारण तेथे केवळ पाऊस नव्हे, तर धान्याचा साठा, सारा आणि राज्यव्यवस्था यांचीही परीक्षा होते. किनारी भूरूपे पहिल्या गोष्टीची साक्ष देतात. दुसरीची देऊ शकत नाहीत. वाळूच्या वरंब्यात १३९६ किंवा १९७२ वाचता यावयाचे नाही.

६. उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून इतिहासाभ्यासकाने पुढील तीन गोष्टी पाळणे इष्ट वाटते. किनारी भूरूपाचा काळ हा त्या भूरूपाचा काळ असतो, हवामानाचा नव्हे. मधली अनुमानाची पायरी उघडपणे मांडावी. एकाच भूरूपाची जी अन्य कारणे संभवतात, भूमीची हालचाल, सागरी लाट, जंगलतोड, नांगर, ती प्रथम दूर करावीत वा मान्य करावीत. आणि कोकणच्या किनाऱ्यावरील निष्कर्ष घाटापलीकडच्या पर्जन्यछायेस तसाच लावू नये. रत्नागिरीस जेथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो तेथे बीडला ७०० मिलिमीटरही दर वर्षी पडत नाही, आणि दोहोंचे चढउतार सदैव एकाच मापाने होतात असे नाही.

अखेरीस एका निकडीच्या गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. गोदावरीवरील जायकवाडी, सिंदफणेवरील माजलगाव, बिंदुसरेवरील पालीचे धरण आणि अशीच इतर अनेक धरणे झाल्यापासून खोऱ्यातील पुष्कळसा गाळ वाटेतच थांबतो. गोदावरीच्या मुखाशी किनाऱ्याची वाढ थांबून ठिकठिकाणी झीज सुरू झाली आहे, ती याच कारणाने. जो ग्रंथ सहा हजार वर्षे समुद्रकाठी लिहिला जात होता, त्याची नवी पाने आता पालीसारख्या धरणांच्या तळाशी लिहिली जात आहेत. धरण झाल्यापासूनच्या दर पावसाळ्याचा थर तेथे आहे, आणि त्याच्या शेजारी पर्जन्यमापकाच्या नोंदीही उपलब्ध आहेत. कोणत्या पावसाने किती व कोणती माती येते, हे जेथे प्रत्यक्ष ताडून पाहता येईल अशी ती जागा आहे. समुद्रतळाचा गाळ वाचण्याची किल्ली येथे घडविता येण्यासारखी आहे.

राज्य शासनाच्या २०१७ सालच्या योजनेनुसार धरणांतील गाळ काढून शेतांत पसरण्याचे काम चालू झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पोयटा शिवारात परत जावा यात कोणाचे दुमत असणार नाही. परंतु गाळ उपसण्यापूर्वी धरणाच्या पात्रात एक-दोन ठिकाणी उभा छेद घेऊन, थरांची मोजणी व नमुने राखून ठेवण्याची व्यवस्था इतिहास, भूगोल आणि भूशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन केली पाहिजे. शिलालेख पायरीचा दगड म्हणून वापरला गेल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. निदान त्यांपैकी काहींचे ठसे आधी घेतले गेले होते म्हणून त्यांतील मजकूर आज वाचता येतो. गाळाच्या बाबतीत ठसा घेण्याचे काम अद्याप आपल्या हाती आहे.